अंगाला लागणारा बेस

बेसच्या मोठ्या पेटीला पुढून एक भोक असतं. आतल्या हवेला ये-जा करायला. पेटी वर्षभर जत्रांतून, लग्नांतून फिरते आणि मग कधीतरी आमच्या अंगणात उघडली जाते, तेव्हा त्या भोकातून काय काय आत गेलंय ते कळतं! अक्षता, कुरमुरे, पालीची अंडी, एकदा तर कुठल्या तरी करवलीचं पैंजण. साउंडवाल्याशी लग्न केलेल्या बाईचं डोकंही साधारण असंच होतं. मुद्दाम कोणी काही ठेवत नाही, पण उघडलं की किस्से बाहेर पडतात.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "मजा आहे बाबा, तुझ्या विषयातलाच नवरा मिळाला!" विषय एकच होता, हे खरं. फक्त मी तो वहीत सोडवला होता आणि इथे तो भिंतीतून यायचा.

मालवण-कुडाळ रस्त्याला पुढे दुकान, मागे घर. दुकानात माझा नवरा नितीन आणि त्याचा भागीदार बस्त्याव. घरात सासूबाई, मी आणि आमची दहा महिन्यांची जुई. मधे चिऱ्याची जाड भिंत. पण बेसला भिंत म्हणजे मच्छरदाणीच!

*

जुना वूफर, म्हणजे बेस काढणारा तो अठरा इंची अजस्र स्पीकर, विकत घ्यायचा तर नितीन लेबल वाचत नाही. "लेबला खंयय छापून गावतत," म्हणतो. वूफर उताणा ठेवतो, पुढच्या काळ्या कागदी कोनावर दोन्ही तळवे पसरतो आणि डोळे मिटून हळूच दाबतो. आतली कॉइल घासत असेल तर तळव्याला वाळूसारखं लागतं म्हणे. मी दाबून बघितलं. मला काही लागलं नाही. मला वाटलं, कागद फाटला तर!

एकदा नांदगावकडचा एक डीजे वूफर घेऊन आला. "मॅग्नेट बघा, मॅग्नेट! उचलून तर बघा!" उचलताना खरोखरच कंबर मोडत होती.

बस्त्यावने मागच्या बाजूला पाना लावला. चांगल्या मॅग्नेटला पाना असा चिकटतो की काढताना दोन हात लागतात. हा घसरला आणि बस्त्यावच्याच अंगठ्यावर पडला!

रबरी कव्हर काढलं. मधे बशीएवढं मॅग्नेट आणि भोवती सिमेंट.

"ह्यां मॅग्नेट न्हय रे बाबा," बस्त्याव अंगठा धरून म्हणाला, "ह्यो घराचो पायो आसा!"

"पण वजन बघा मां!"

"वजन तुझ्या मेव्हण्याकपण आसात. तो काय गाणा म्हणता?"

मेव्हणा मागेच उभा होता. गाडी त्यानेच चालवत आणली होती.

*

सासूबाईंची पद्धत वेगळी. त्या वूफरवर वाकून बोटाच्या पेराने टकटक करतात, फणसावर करतात तशीच.

एक जुना वूफर नितीनने हाताने तपासला, बस्त्यावने पाना लावला, सगळं ठीक. सौदा होणार तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. टक, टक. "ह्यो बरको आसा," म्हणाल्या.

कापा फणस कडक, बरका लिबलिबीत. "आये, फणस न्हय तो!" म्हणत बस्त्याव इतका हसला की चहा सांडला. वूफर घेतला. पुढच्याच जत्रेत त्याचा कोन बाहेर आला तो आत जायलाच तयार नाही, जिभेसारखा लोंबत राहिला! कोनाला मागून धरून ठेवणारं कापड सैल पडलं होतं.

तेव्हापासून बस्त्याव प्रत्येक जुना माल आधी माजघरात आणतो. "आये, ह्यो कापो काय बरको?" सासूबाई बऱ्याचदा चुकतातही. पण त्यांना सांगणार कोण?

*

आता हा किस्सा. हा मी बरेच दिवस किस्सा म्हणून सांगू शकत नव्हते.

दुपारची वेळ. नितीनने नवा कोन बसवलेला अठरा इंची लावून बघितला. फळीवरची भांडी थरथरली. देवघरातली घंटा कोणी हात न लावता किणकिणायला लागली, आणि सासूबाईंनी झोपेतच हात जोडले! जमिनीवर गोधडीवर जुई गाढ झोपलेली. बस्त्याव दारातून डोकावला.

"बघलंस? साउंडवाल्याचा चेडू! ह्येका भूकंपय उठवूचो नाय!"

सगळे हसले. मीही हसले.

गाणं बंद झालं. मी ओट्याकडे वळले, तर कंपनाने कडेपर्यंत आलेलं कुकरचं झाकण खाली पडलं. लादीवर, जुईच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. ठण्ण! मी किंचाळले. मांजर खिडकीतून बाहेर. सासूबाई उठून बसल्या.

जुईची पापणीही हलली नाही.

मी तिथेच खाली बसले. माझ्या डोक्यात मागचे सगळे दिवस उलटे फिरायला लागले. हाक मारली की ही बघते का? की मी समोर आल्यावर बघते? खुळखुळा वाजला म्हणून हसते, की लाल आहे म्हणून?

*

त्याच आठवड्यात बस्त्यावच्या पुतणीचं लग्न. घरचं कार्य, म्हणून नितीनने दोन्ही मोठ्या पेट्या मांडल्या. बस्त्याव सूट घालून, कडक कॉलरमध्ये मान अडकवून मिरवत होता.

नवरा-नवरी नाचायला उभी राहिली आणि बेसच नाही! पेट्या चालू, आवाज पूर्ण वर, आणि मांडवाच्या मधोमध गाणं पातळ ताकासारखं. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. नवरदेवाचे काका, आंतोनकाका, थेट नितीनच्या अंगावर: "बस्त्यावाची पुतणी म्हणान भरवसो ठेवलो! नाक कापलंस आमचा!"

बस्त्यावचा चेहरा बघवत नव्हता. नितीनने एका पेटीवर हात ठेवला, मग दुसरीवर. दोन्ही धडधडत होत्या. शेवटी त्याने एका पेटीची वायरच उपटली.

धुम्म! मांडवाचं कापड हललं. एक पेटी बंद, आणि बेस दुप्पट!

आंतोनकाका बंद पेटीकडे वळले. मग गरजले, "एक बंद केल्यान तर एवढो वाढता, मगे दुसरीय बंद कर मां!"

झालं होतं एवढंच, की एका वूफरची वायर उलटी जोडली गेली होती. एक कोन हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा. दोघं मिळून शून्य. मध्यंतरात नितीनने टॉर्चमधला सेल काढून दोन्ही वूफरच्या टोकांना टेकवून दाखवला. एक कोन बाहेर उडाला, दुसरा आत गेला. आंतोनकाकांनी तो सेल हातातून घेतला आणि जेवण वाढेपर्यंत टेकवत बसले. प्रत्येक पाहुण्याला बोलावून: "बघ, ह्यो भायर, ह्यो भितर!"

पण मला त्यातलं काहीच नीट आठवत नाही. कारण तो बेस धुम्म करून आला तेव्हा माझ्या कडेवरच्या जुईने दोन्ही हात वर केले आणि ती उड्या मारायला लागली.

"बघलंस गो?" सासूबाईंनी माझा दंड धरला. "ऐकता मां ता! उगीच जीव खातंस आपलो."

मी मांडवाच्या खांबाला टेकून रडले. लोकांना वाटलं, नवरीची मैत्रीण असेन.

*

दुसऱ्या दिवशी फिजिक्सने घात केला.

दुकानात बेस चालू होता. मी जुईच्या पोटावर हात ठेवला. तिचं पोट वाजत होतं. माझी छाती वाजत होती. पायाखालची लादीसुद्धा वाजत होती. हा आवाज ऐकायला कान लागतोच कुठे? तो अंगालाच लागतो!

मी तिला जमिनीवर बसवलं. ती डुलायला लागली. उचलून आढ्याला टांगलेल्या पाळण्यात ठेवलं. गप्प. परत जमिनीवर. डुलते. परत पाळण्यात. वर बघत अंगठा चोखते.

माझी मुलगी ऐकत होती, की आमची जमीन?

"काय चल्लाहा तुझा?" सासूबाईंनी विचारलं. सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठल्या, ताट आणि पळी घेऊन जुईच्या मागे गेल्या आणि दणका दिला. जुईने मान वळवली!

"झाला? बसली खात्री?"

पण ऊन त्यांच्या पाठीमागून येत होतं, आणि उगारलेल्या हाताची सावली जुईच्या समोरच्या भिंतीवर पडली होती. जुई आधी सावलीकडे बघत होती. मी फिजिक्स शिकले नसते तर त्या दुपारी सुखी झाले असते.

*

नितीन मात्र हात लावायला तयार नव्हता. आख्ख्या तालुक्याचे वूफर तपासणारा माणूस!

मी दुकानात गेले. तो पाठमोरा बसून वायर सोलत होता. "नितीन, एकदा तरी तू स्वतः तपास तिला." उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. उत्तर नाही. मग मी त्याच्यासमोरच जाऊन उभी राहिले.

"फुटक्या स्पीकरवर अर्धा अर्धा तास हात ठेवून बसतोस. आणि आपल्या पोरीला..."

"स्पीकर बिघडलो तर माका दुरुस्त करूक येता," तो म्हणाला.

बस्त्याव बाकावर बसला होता. तोंडात आलेला विनोद त्याने गिळला, हे मी बघितलं.

नितीन वायर सोलतच होता. नुसतं तांबं राहिलं तरी सोलत होता. मग एकदम हळू म्हणाला, "आणि ह्यो पेट्यो माझ्योच आसत मां."

म्हणजे आमच्याच बेसने जुईचे कान गेले असतील, हे त्याच्याही मनात होतं. माझ्यापेक्षा आधीपासून.

बस्त्याव उठला आणि बाहेर जाऊन टेम्पो सुरू केला. "चला," म्हणाला, "कुडाळाक जावया. चेडवाची दुधाची बाटली घे गो."

*

कुडाळला कानांची तपासणी करणाऱ्या मॅडम तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. "बाळ झोपलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "डोक्याला वायरी लावायच्यात. कानात आवाज सोडला की मेंदूपर्यंत पोचतो का, ते मशीन बघतं."

खोली अशी बंद, की आपलाच श्वास मोठा वाटावा. आणि जुई टक्क जागी! औषध दिलं, थोपटलं, पदराखाली घेतलं. नाही म्हणजे नाही. जन्मल्यापासून एवढी शांतता तिला कोणी दाखवलीच नव्हती. बाहेरून बस्त्यावने दार किलकिलं करून विचारलं, "एक पेटी आणू भितर?"

"बाहेर थांबा," मॅडम म्हणाल्या.

शेवटी नितीनने तिला छातीवर पालथं घेतलं आणि तोंड मिटून एक खोल, जाड सूर लावला. जनरेटरसारखा. जुईचं अंग सैल पडलं. मॅडमनी वायरी चिकटवल्या. "बाबा, आता गप्प. मशीन तुमचाच आवाज पकडतंय." तो गप्प झाला, जुईने डोळे उघडले. सूर, झोप. गप्प, जाग. असं कितीदा झालं कोण जाणे. मग केव्हातरी तो गप्प झाला आणि जुई झोपलेलीच राहिली.

स्क्रीनवर रेघा वर-खाली होत राहिल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. नितीन खाली फरशीकडे बघत होता.

मॅडमनी वायरी काढल्या. माझ्याकडे वळून हसल्या.

"दोन्ही कान उत्तम आहेत. काळजी करू नका."

मी हुंदका दिला तशी जुई जागी झाली. नितीन मात्र उठला नाही. "काय म्हणाल्या?" त्याने मला विचारलं. मी सांगितलं. त्याने मॅडमकडे बघितलं. "मशीन बरोबर आहे ना पण? आमच्या धंद्यात मीटरसुद्धा खोटं दाखवतं."

मॅडमना राग आला नाही. "हे लहानांचं. मोठ्यांचं शेजारी आहे. बसा, तुम्हीच बघा बरोबर आहे का."

नितीनने आधी हेडफोन उलटसुलट करून पाहिला, दाबून पाहिला, पसंत पडल्यासारखी मान हलवली आणि मग घातला. "आवाज आला की बोट वर करा," मॅडमनी खुणेने सांगितलं.

पहिले जाड आवाज असावेत. बोट झटक्यात वर! पुन्हा वर! तो माझ्याकडे बघून हसला. आठवडाभरात पहिल्यांदा हसला. मीही हसले.

मग बोट जरा उशिरा वर आलं.

मग आलंच नाही. गुडघ्यावर नुसतं टेकलेलं राहिलं. मॅडमनी बटण थोडं फिरवलं. आणखी फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी आणखी फिरवलं, तेव्हा मी बसले होते तिथपर्यंत हेडफोनमधून बारीक, टोकदार आवाज यायला लागला. रातकिड्यासारखा.

माझ्या खांद्यावर पेंगुळलेल्या जुईने डोकं उचललं. आवाज कुठून येतोय ते शोधलं आणि वडिलांच्या कानाकडे हात केला.

नितीनने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि हेडफोन घातलेली माणसं बोलतात तसा मोठ्याने म्हणाला, "मॅडम, करा की सुरू! पोर कंटाळली!"