आठ थरांची घडी

आज सकाळी तुम्ही अंगात घातलेल्या शर्टाची घडी कोणी घातली होती? नाही ना आठवत? मलाही नसतं आठवलं. पण गेल्या सोमवारी मी कटिंगच्या टेबलापाशी उभी होते, म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या कपड्यांच्या कारखान्यात एक कटर आहे. मी 'आहे' असंच लिहिणार, 'होती' म्हणायला मॅनेजर टपूनच बसलाय. कापडाचे आठ थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि आठही थर एकदम कापायचे, हे तिचं काम. वरची बाही आणि तळाची बाही जुळ्या बहिणींसारखी निघायची. आम्ही तिला कात्रीबाई म्हणायचो, कारण तोंडही तसंच. कटिंगचे मास्तर एकदा तिला म्हणाले, "जरा दमानं, कापड पळून नाही जात." ही म्हणाली, "कापड नाही पळत, वेळ पळतो. उजेड अडवू नका."

मग तिला थोरली झाली, ती आता चार वर्षांची. तिच्या पाठीवर धाकटा, तो अकरा महिन्यांचा. बाळंतपणासाठी गेलेल्या बाईची जागा धाकटं मूल वर्षाचं होईपर्यंत राखून ठेवायची, यासाठी आम्ही गेटवर नऊ दिवस बसलो होतो. मालकाने मान्य केलं, पण वर पाचर मारली. परत येणाऱ्या कटरने जेवणाच्या सुट्टीआधी आठ थर कापून दाखवायचे. संधी दोनदा. नाही जमलं तर कायमचं पॅकिंग. आणि पॅकिंग म्हणजे काय, तर दिवसभर शर्टांच्या घड्या घालायच्या.

कामावर परतण्याच्या अर्जावर सही घ्यायला मी युनियनतर्फे तिच्या घरी गेले. सही करायला तिला अडीच तास लागले. मी सांगते ते ऐका, मी मोजत बसले होते. पेन हातात घेतलं, कुकरची शिट्टी झाली. कुकर उतरवला, धाकट्याने दुपटं ओलं केलं. दुपटं बादलीत टाकलं, थोरलीने दूध सांडलं. दूध पुसलेलं फडकं धुतलं, ते वाळत घालायला गेली तर दोरीवर जागा नव्हती. मग वाळलेले काढले, त्यांच्या घड्या घातल्या. कपाटात ठेवेपर्यंत धाकट्याने दुसरं दुपटं ओलं केलं होतं. ती घाई करत नव्हती. चिडतही नव्हती. ओटा पुसावा तसा तिने मुलाचा चेहरा पुसला आणि मुलाचा चेहरा पुसावा तसा ओटा.

"अगं, कंटाळा नाही येत?" मी विचारलं.

"कशाचा?" ती म्हणाली. खरंच कळलं नव्हतं तिला.

मला तिची ती जुनी कात्री हवी होती. एखादा टोमणा मारावा, मला हाकलून द्यावं. तिने माझ्यापुढे चहा ठेवला, माझा कप विसळला आणि सही केली. सहीसुद्धा सरळ रेघेत, काही न वाटता केलेली.

सोमवारी नवऱ्याने सकाळची सुट्टी काढली. तो बस चालवतो, भला माणूस आहे. मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही त्याला खलनायक करून मोकळे व्हाल. कामगारांच्या बाजूने साक्षीला मी टेबलापाशी होते, मालकाच्या बाजूने मास्तर. तिने थर अंथरले. कडा जुळवल्या. खडू हातात आला तशी तिची मान पहिल्यांदा ताठ झाली. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "हात विसरलेला नाही हो."

फोन वाजला. नवरा. "थोरलीची चप्पल कुठाय?"

"पलंगाखाली, भिंतीच्या बाजूला."

अर्ध्या तासाने परत. "हा काही खातच नाहीये."

"भात कुसकरून, पाणी घालून दे."

आखणी पुरी झाली होती. कात्री उचलायची तेवढी बाकी. तिसऱ्यांदा फोन आला. तिने तो कान आणि खांद्याच्या मध्ये धरला. "धाकट्याचं कोरडं झबलं कुठे असतं गं?"

"वरून दुसरा खण, डावीकडे. नाही, निळ्यांच्या खाली. नाही, त्याच्या मागे बघ."

आणि बोलता बोलता तिच्या हातांनी समोरच्या कापडाची दोन टोकं उचलली, जुळवली, मधोमध हात फिरवला, परत दुमडलं. आठही थर. खडूच्या रेघा एकमेकींवर घासून गेल्या. फोन संपला तेव्हा टेबलावर चादरीसारखी चौकोनी, सुबक घडी होती. इतकी छान घडी त्या टेबलावर कधी कोणी घातली नसेल.

मास्तर तोंड उघडं टाकून बघत राहिले. मी मात्र भडकले. सगळ्यांसमोर ओरडले, "अगं, हे काय केलंस? नऊ दिवस बसलो आम्ही यासाठी!"

तिने घडीकडे पाहिलं. मग मला विचारलं, "ही कुठे ठेवू?"

रेघा पुसल्या होत्या, नव्याने आखायला वेळ नव्हता. मास्तरांनी वहीत पहिली संधी गेल्याचं लिहिलं.

संध्याकाळी मी नवऱ्याला गाठलं. "तीन फोन? एका सकाळीत?"

"ताई, पाच तास एकटा होतो. पाणी प्यायला फुरसत नाही मिळाली."

"ती चार वर्षं एकटी आहे."

तो झबलं पिळत राहिला. आत ती भांडी घासत होती. आमचं सगळं ऐकू जात होतं तिला. नळ काही थांबला नाही.

दुसरी संधी येत्या सोमवारी आहे. नवऱ्याला परत सुट्टी नाही, त्याच्या डेपोत मी भांडून आले, उपयोग झाला नाही. मला टेबलापाशी उभं राहायलाच हवं. म्हणून तुमच्यापुढे आले आहे. तुमच्यातलं कोणीतरी एक, बाई किंवा बाप्या, सकाळी आठ ते एक तिच्या घरी या. पत्ता आमच्या युनियनच्या कचेरीत मिळेल. खाऊ आणू नका, उपदेश तर अजिबात नको. दुपटी बदला, भात कुसकरा, दोरी रिकामी करा. झबलं सापडलं नाही तर सगळे खण उपसा, मूल तुमच्या शर्टात गुंडाळा. पण एक वाजेपर्यंत तिला फोन करू नका.