बेडकांना आलेलं बोलावणं

"तुमच्या बदकाला बोलावणं आलंय."

रविवारची सकाळ. मी बनियनवर, हातात चहा. दारात तळमजल्यावरच्या काकू. चष्मा कपाळावर चढवलेला, फोन छातीशी धरलेला, चेहरा सांत्वनाला आल्यासारखा. कुठलं बदक आणि कसलं बोलावणं, मला काही म्हणजे काही कळेना. आतून बायको घाबरून ओरडली, "अहो, कोण गेलं?"

कुणी गेलं नव्हतं. काकूंच्या भाषेत बोलावणं म्हणजे रिकॉल. आपण विकलेल्या खेळण्यात खोट आहे असं कंपनीच्या ध्यानात आलं, की ती तो सगळा माल परत मागवते. वापरू नका, परत पाठवा किंवा मोडून फेका, असं जाहीर करते. हे असलं जाहीर केलेलं तुमच्याआमच्यापैकी कोण वाचतं? काकू वाचायच्या. लोक जसं राशिभविष्य वाचतात तसं, रोज सकाळी, चहाबरोबर.

काकू दिल्लीतल्या एका मंत्रालयात अनुवादक होत्या. हयात सरकारी इंग्रजीचं सरकारी हिंदी करण्यात गेली, त्यामुळे घरी मराठी बोलताना एकेक शब्द पारखून घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, बोलावणं काय म्हणता! सकाळी सकाळी पोटात गोळा येतो. परतमागणी म्हणा की."

"परतमागणी काय? लग्न मोडलंय का कुणाचं? आणि गोळा येऊ दे. त्याशिवाय तू जागचा हलतोस का?"



तर बदक. माझी मुलगी मुक्ता तेव्हा अडीच वर्षांची होती आणि ते पिवळं बदक चघळल्याशिवाय तिला झोप येत नसे. त्याच्या रंगात शिसं निघालं होतं. कंपनीचं म्हणणं, खेळणं कापून दोन तुकडे करा, फोटो पाठवा. बायकोने किचनमधली कात्री आणली आणि बदकाच्या मानेवर ठेवून तशीच उभी राहिली. तिच्याच्याने होईना. शेवटी काकूंनी कात्री हातात घेतली आणि कचकन कापलं. मुक्ताने सगळी बिल्डिंग डोक्यावर घेतली.

आपण मोठी माणसं अशा वेळी काय करतो, बघा. बदक आजीकडे गेलं, बदक आंघोळीला गेलं, उद्या येईल. काकूंनी यातलं एकही सांगितलं नाही. मुक्ता हुंदके देत म्हणाली, "बदक कधी येणार?" काकू म्हणाल्या, "नाही येणार. वाईट होतं ते." आणि ती रडायची थांबेपर्यंत तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिल्या. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. जरा गोड बोलायला काय जातं माणसाचं?

तुमच्याही सोसायटीत अशी एक बाई असेलच. तिचं सगळं बरोबर असतं आणि म्हणूनच ती नकोशी होते. वाढदिवसाला काकू आल्या, की मुलांपेक्षा खेळण्यांनाच जास्त भेटायच्या. टेडीचे डोळे ओढून बघायच्या, गाडीची चाकं पिरगाळून बघायच्या, आणि यजमानीण कसनुसं हसत उभी राहायची. आमच्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर काकूंची बोलावणी इतकी यायची, की एकेक करून सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. काकूंना हे माहीत होतं का? बिल्कुल माहीत होतं. तरी पाठवायच्या.

माझी अशी समजूत होती, की ह्या बाईचं काहीतरी दुखरं असणार. एखादं मूल गेलं असेल, भाचाबिचा. न राहवून मी एकदा विचारलंच. काकू मोठ्याने हसल्या.

"काही नाही रे झालं. माझी दोन्ही धडधाकट आहेत. काही झाल्यावरच शहाणं व्हायचं, असा नियम आहे का?"

आमच्या वरच्या मजल्यावर सायली राहते. ती आणि तिचा नवरा निखिल, दोघंही मराठी, पण जन्मापासून दिल्लीतले. सायलीचं मराठी म्हणजे "मी ना यार, सच्ची सांगते" असं. तरीही सणवार मात्र हौसेने करायची. मुलगा कबीर तीन वर्षांचा झाला, तेव्हा संक्रांतीला त्याचं बोरन्हाण करायचं तिने ठरवलं. बोरन्हाण म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि पोराच्या डोक्यावरून बोरं, शेंगा, उसाचे करवे, चुरमुरे ओतायचे. बाकीची पोरं झडप घालून ते लुटतात आणि खातात.

काकूंनी यादीवर काट मारली. बोराची बी घशात अडकते, बोरं नकोत. शेंगा नकोत. उसाचे करवे मुळीच नकोत. हलव्याचे दागिने फोटोपुरते घाल आणि काढ. राहिले चुरमुरे.

"मग लुटायचं काय, काकू? हवा?" सायली वैतागून म्हणाली.

तिने मग डोकं चालवलं. ऑनलाइन रबरी बेडकं मागवली. लिंबाहून थोडी मोठी, मऊ, हिरवीगार. पोट दाबलं की आत दिवा लुकलुकायचा. "एवढं मोठं कोण गिळणार? आता काकूंनी बोलूनच दाखवावं," असं तिने माझ्या बायकोला सांगितलं. आणि आणखी एक केलं. सगळ्यांना दुपारी चारला बोलावलं, काकूंना पाचला.

माझ्या बायकोने तिला टाळी दिली. मीही हसलो. सण होता, दंगा होता, कुणाला सूचना हव्या होत्या?

जानेवारीतली दुपार, बाहेर धुकं, आत हीटर. पाटावर बसलेल्या कबीरच्या डोक्यावरून चुरमुरे पडले आणि त्यामागून बेडकांचा पाऊस. पोरं किंचाळली. घरभर हिरवे दिवे लुकलुकायला लागले. असं सुंदर बोरन्हाण मी पाहिलं नव्हतं, खरं सांगतो.

पाचला काकू आल्या. मुक्ताने धावत जाऊन आपला बेडूक दाखवला. काकूंनी तो घेतला, दाबला, उलटा केला, पोटावरचं रबरी बूच नखाने उचकटलं. ते सहज निघालं. आत रुपयाएवढा चपटा, चकचकीत सेल.

"अगं बाई! ह्या बेडकांना परवाच बोलावणं आलंय. मी ग्रुपवर टाकलं होतं."

हशा पिकला. निखिल म्हणाला, "काकू, आज तरी सुट्टी घ्या!" पण काकू हसत नव्हत्या. पदर खोचून त्या एकेका पोराच्या हातून बेडूक काढून घ्यायला लागल्या. रडारड झाली. सायलीचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, बाईने सणाचा विचका केला.

सोफ्याखाली एक बेडूक सापडला. त्याचं पोट उघडं होतं आणि आत काही नव्हतं.

मग मात्र हसणं थांबलं. सगळे चुरमुरे चिवडून झाले, गालिचा उचलून झाला, सेल काही मिळेना. काकूंचं लक्ष कबीरकडे गेलं. तो पाटावरच बसून होता, गप्प. लाळ गळून झबलं भिजलं होतं.

काकू त्याच्यासमोर वाकल्या. "कबीर, काही गिळलंस का रे?"

कबीरने दचकून आपल्या चड्डीला हात लावून पाहिला. "नाही! सूसू नाही केली!" तो रागावून म्हणाला.

सगळ्यांना हसू फुटलं. सायली प्लेट्स मांडायला लागली. "नाही म्हणतोय ना, काकू. नुकताच डायपर सुटलाय, हेच चालू असतं त्याचं. चलो, प्लेट्स घ्या सगळ्यांनी." मी प्लेट घेतलीसुद्धा. तिळाच्या वड्या होत्या.

"थांबा," काकू म्हणाल्या. "त्याचं नाही माझ्या प्रश्नाला नव्हतं. त्याला गिळलं कळलंच नाही. त्याने हिंदीतलं गीला ऐकलं, ओलं झालं का असं."

आता मला सांगा, तिथे आम्ही इतके मराठी लोक होतो. घरात हिंदी, बाहेर हिंदी, पोरांच्या तोंडी हिंदी. ते पोर कुठल्या भाषेत ऐकतंय, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. गिळणं हा शब्द त्याच्या कानावर तोवर पडलाच नव्हता. चड्डी गीली झाली का, हे मात्र दिवसातून सतरांदा पडत होतं.

काकू खाली फरशीवर बसल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "कबीर, मेंढक के पेट में जो था ना, वो कहाँ गया?"

कबीरने आ करून आपल्या गळ्याकडे बोट दाखवलं. "खा लिया. टॉफी थी. गंदी थी."

पुढचं सगळं भराभर झालं. उलटी काढू नका, पाणी पाजू नका, पाठीत मारू नका, गाडी काढा. काकूंचा आवाज असा लागला होता, की निखिल आपल्याच घरात चाकरासारखा पळत होता. गाडी मी चालवली. पुलावर ही गर्दी. मागच्या सीटवर सायली "कबीर, बेटा, कबीर" एवढंच म्हणत होती. यमुनेपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढला, तर छातीच्या वरच्या अंगाला, अन्ननलिकेत, पांढरी गोल चकती अडकलेली. डॉक्टर निखिलला म्हणाले, "सिक्का नहीं है, बैटरी है. अभी निकालनी पड़ेगी." सेल नुसता अडकत नाही, आतून जाळत जातो, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. काकूंच्या मेसेजमध्ये ते लिहिलेलं होतं.

नर्सने हलव्याचा हार कात्रीने कापला आणि काकूंच्या हातात दिला. आत कबीरला भूल दिली. बाहेर बाकावर काकू तो हार मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घामेजल्या हाताला हलवा चिकटत होता.

मी आपलं म्हटलं, "काकू, तुम्ही होतात म्हणून."

"मी होते म्हणून बेडकं आली," त्या म्हणाल्या. "बोरं मीच काढायला लावली ना?"

समोरच्या बाकावरून सायलीने हे ऐकलं. तिने नाही म्हणावं असं मला फार वाटलं. ती आतल्या दाराकडे बघत राहिली.

सेल निघाला. पोर वाचलं. पण आत भाजलं होतं. आधी नळीने दूध, मग पेज, मग वरणाचं पाणी. अन्ननलिका आकसायची, मग पुन्हा भूल द्यायची आणि डॉक्टरांनी ती रुंद करायची. असं किती दिवस चाललं. ताटातलं घट्ट काही मिळायचं नाही, म्हणून कबीर इतरांच्या जेवणाकडे टक लावून बघायचा. ते बघवत नसे. आम्ही त्याच्यासमोर बिस्किटसुद्धा खायचं सोडलं.

सायलीने काकूंना टाळायला सुरुवात केली. लिफ्टपाशी काकू दिसल्या, की ती जिन्याने जायची. माझी बायको म्हणे, केवढी कृतघ्न! मला तसं वाटत नव्हतं. काकूंना पाचला बोलावलं होतं, हे सायली विसरू शकत नव्हती. काकूंच्या तोंडाकडे बघितलं, की तिला घड्याळच दिसत असणार. आणि काकूंचंही काही कमी नव्हतं. त्या दारावरची बेल वाजवायच्या नाहीत. सुपाचा डबा सायलीच्या उंबऱ्यात ठेवून मुकाट खाली उतरायच्या. ग्रुपवर बोलावणी यायची बंद झाली. आता आम्ही सगळ्यांनी ग्रुप अनम्यूट केला होता आणि त्यावर काही येत नव्हतं.

उन्हाळ्यात काकूंनी दिल्ली सोडली. यजमानांना इथली हवा झेपेना, नागपूरला स्वतःचा फ्लॅट होता. ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा सगळी बिल्डिंग खाली होती, सायली सोडून. वर तिच्या खिडकीचा पडदा हलला. काकूंनी तो बघितला, मी बघितला. त्या गाडीत बसल्या आणि मुक्ताला जवळ घेऊन म्हणाल्या, "चावून खात जा गं."  

दसऱ्याच्या आसपास डॉक्टरांनी सांगितलं, आता पोळी देऊन बघा. सायलीने आम्हाला वर बोलावलं, तिची एकटीची हिंमत होईना. कबीर खुर्चीवर ताठ बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा. निखिलने पोळीचा नखाएवढा तुकडा तोडला. सायलीने एकदम त्याचा हात धरला. "एक मिनिट."

तिने फोन लावला. पलीकडून "हॅलो" आल्यावर तिने फोन कानापासून काढला. मग नुसतं "काकू, ऐका" म्हणून तिने फोन टेबलावर, कबीरच्या तोंडापाशी ठेवला.

कबीरने तुकडा तोंडात घातला. चावला. किती वेळ चावत होता, देव जाणे. आम्ही चौघंही त्याच्या गळ्याकडे बघत होतो. मग घास खाली गेला. तो ताटलीकडे बोट दाखवून म्हणाला, "और दो."

  फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला आणि काकू म्हणाल्या, "अगं, कोरडीच देतेस का? तूप लाव की थोडं."

"हो काकू," सायली म्हणाली. ती तूप आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. कबीर टेबलावर बोटं वाजवत दुसऱ्या घासाची वाट बघत होता. फोन कुणी बंद केला नाही.