स्टेपनीखालची पिशवी

त्या दोघी विहिणी एकमेकींचा हात धरून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून आल्या, ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. नोकरीत विहिणींना मी ठाण्यात पुष्कळदा पाहिलं होतं, पण एकमेकींविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या. एकत्र आलेल्या ह्या पहिल्याच.

तेव्हा मी अंधेरीतल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. नावं मी कुणाचीच घेणार नाही. मुलीच्या आईला मुलुंडच्या बाई म्हणतो, त्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मुलाच्या आईला भांडुपच्या काकू. त्या मूळच्या मालवणकडच्या, बोलायला मोकळ्या, आणि आवाज असा की बाहेरच्या हवालदाराने दोनदा डोकावून पाहिलं.

ठाणे अंमलदाराने त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण चोरी युरोपात झाली होती आणि तिची फिर्याद अंधेरीत कशी घ्यायची हे त्याला कळेना. देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. चोर काही एकाच देशात राहत नाहीत.

हकिकत अशी. बाईंच्या भाच्याचं लग्न तिकडे होतं. लग्नाला जायचंच आहे तर आधी चार ठिकाणं पाहू, म्हणून बाईंचा जावई, मुलगी आणि ह्या दोघी असे चौघे निघाले. तिथे भाड्याची गाडी घेतली. चालवायला जावई. सगळी व्यवस्था अंधेरीतल्या एका छोट्या प्रवासी कंपनीने केली होती. लग्नात घालायचे दोघींचे दागिने एका कापडी पिशवीत घालून जावयाने डिकीत, स्टेपनीच्या खालच्या खोलगट जागेत ठेवले होते. वर गालिचा, त्यावर बॅगा.

एका पेट्रोल पंपावर चौघे कॉफी प्यायला थांबले. पुन्हा निघाल्यावर थोड्या अंतराने मागच्या गाडीतला एक माणूस दिवे मारू लागला, हात बाहेर काढून चाकाकडे दाखवू लागला. जावयाने गाडी कडेला घेतली. मागचं चाक हवा जाऊन खरंच बसलं होतं. तो माणूस हसतमुख, मदतीला तयार. त्याने स्वतः बॅगा उतरवल्या, जॅक लावायला जावयाला खाली बसवलं. तेवढ्यात दुसरी एक गाडी थांबली आणि तिच्यातली बाई नकाशा घेऊन रस्ता विचारू लागली. मुलगी आणि काकू तिकडे वळल्या. चाक बदललं गेलं, हात हलवून निरोप झाले. पिशवी गेली हे रात्री हॉटेलवर कळलं.

"पण साहेब," मुलुंडच्या बाई म्हणाल्या, "त्या माणसाने बसलेल्या चाकाकडे एकदाही वाकून पाहिलं नाही. तो सारखा डिकीकडेच बघत होता. मी गाडीतून उतरले नव्हते, मागच्या काचेतून मला दिसत होतं. तेव्हा अर्थ लागला नाही."

चौघांचे पासपोर्ट आणि लग्नाच्या आहेराचं पाकीट मात्र वाचलं, कारण ते बाईंनी कमरेच्या पट्ट्यात अंगावर बाळगलं होतं. जावई त्यावरून चेष्टा करायचा. "आई, तुम्ही बसमध्ये नाही आहात हो!"

आता खरी अडचण पुढे होती. पिशवी जावयाने ठेवलेली; ती कुठे आहे हे बाहेरच्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. मुलीने नवऱ्याला एकदाच विचारलं, "तू कुणाला बोलला होतास का रे?" त्यावर तो भडकला. तेव्हापासून तो मित्राकडे राहायला गेला होता. त्या दोघांच्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं.

"माझा झिल चोर नाय हां साहेब," काकू म्हणाल्या. बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मीही तेच सांगायला आलेय," बाई म्हणाल्या. "जावयावर माझा काडीचाही संशय नाही. पण तो काहीतरी लपवतोय, हेही खरं. आणि अजून एक गोष्ट आहे."

ती गोष्ट म्हणजेच आमच्या तपासाचा पहिला धागा. बाईंनी ओळखीपाळखीत चौकशी केली होती. कांदिवलीचं एक कुटुंब त्यांच्याही आधी ह्याच कंपनीकडून त्याच देशात गाडी चालवत फिरून आलं होतं. त्यांचंही चाक बसलं होतं. त्यांचीही पिशवी स्टेपनीखालीच होती.

मी फिर्याद घ्यायचं ठरवलं. चोरी परदेशात असली तरी कट माझ्या हद्दीत शिजला असण्याची शक्यता होती, आणि तेवढं कारण मला पुरेसं होतं.

बाईंचा सविस्तर जबाब मी स्वतः नोंदवला. गेलेल्या मालाचं वर्णन सांगायची वेळ आली तशा त्या थांबल्या. "ताईंना जरा बाहेर बसवता का?"

काकू बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "लिहून घ्या. ताईंच्या पाटल्या खऱ्या. त्यांच्या आईच्या होत्या. माझं जे गेलं ते सगळं एक ग्रॅमचं. खरं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये आहे."

मी पेन खाली ठेवलं.

"दुसऱ्याचा देश, भाड्याची गाडी, रोज नवं हॉटेल. खरं सोनं कशाला न्यायचं? पण मुलीची आई नकली दागिने घालून लग्नात मिरवणार हे विहिणीकडे कळलं तर काय वाटेल, म्हणून बोलले नाही. माझ्या मुलीलाही माहीत नाही."

त्यांनी सगळं खरं सोनं होतं असं सांगितलं असतं, तरी मला कळायला मार्ग नव्हता. प्रवासाचा विमा होता, भरपाईही बहुधा मिळाली असती. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तपास करणार माझ्या शब्दावर. शब्दच खोटा दिला तर तुम्ही शोधणार काय?"

मी बऱ्याच फिर्यादींचे जबाब घेतले आहेत. चोरीला गेलेला माल फिर्यादीच्या तोंडी नेहमी थोडा वाढतोच. तो कमी करून सांगणारी व्यक्ती मी त्या दिवशी पाहिली.

दुसऱ्या दिवशी जावयाला बोलावलं. सरळ मुलगा, इंजिनिअर, डोळे जागरणाने लाल. चहा दिला तर कप हातातच धरून बसला.

"स्टेपनीखाली ठेवायचं कुणी सुचवलं?"

"कुणी नाही सर. माझीच आयडिया."

"कांदिवलीचा गृहस्थही हेच म्हणतो. त्याचीही स्वतःचीच आयडिया. दोघांच्या डोक्यात एकच जागा कशी आली?"

तो गप्प. मी घाई केली नाही. माणूस पकडला गेल्यामुळे गप्प आहे की लाजेमुळे, हे त्याच्या हातांवरून कळतं. ह्याचे हात लाजेचे होते.

"अरे, तुझी सासू काल इथे बसून तुझ्यासाठी भांडून गेली. तुझी आई भांडली ते समजू शकतो. पण सासू?"

तेव्हा तो बोलला. एकेक गोष्ट बाहेर येत गेली. कंपनीचा एक मदतनीस प्रवासभर फोनवर असायचा. गाडी ताब्यात घेतल्यावर त्याने गाडीचा फोटो मागवला होता. सुरक्षेसाठी म्हणून लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला लावलं होतं. आणि दागिने कुठे ठेवू, असं विचारल्यावर तोच म्हणाला होता, "साहेब, स्टेपनीच्या खाली टाका. तिथे कोण बघतंय?"

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"आई म्हणत होत्या अंगावर ठेवूया. मी त्यांना गप्प केलं. मला सगळं कळतं असं दाखवलं. आणि नंतर कसं सांगू, की मी फोनवरच्या कुठल्यातरी माणसाचं ऐकलं?" एवढं बोलून तो लहान पोरासारखा रडला.

लबाडी किती साधी होती बघा. आधी माल स्टेपनीखाली ठेवायला लावायचा, मग गाडी कुठे थांबली की चाकातली हवा काढायची. चाक बसलं की स्टेपनी काढावीच लागते, आणि काढायला चोरच हजर. मालकाच्या समोर, मालकाच्या संमतीने डिकी उघडते. ना काच फुटते, ना आरडाओरडा होतो.

कांदिवलीच्या गृहस्थानेही मग कबूल केलं, की त्यालाही ती जागा ह्याच मदतनीसाने सुचवली होती. त्या मदतनीसाला आणलं. तिशीचा, चटपटीत, शर्टाची इस्त्री मोडलेली नाही.

"साहेब, मी काय केलं? कस्टमरला सल्ला दिला ना. आता सल्ला देणं पण गुन्हा झाला?"

त्याच्या मोबाइलमध्ये संशय यावा असं काही नव्हतं. कंपनीच्या मालकाला कशाचा पत्ता नव्हता, हे आम्ही तपासून घेतलं. संध्याकाळपर्यंत हा पोपटासारखं तेच वाक्य बोलत राहिला. माझ्या उपनिरीक्षकाचा संयम सुटत चालला होता. मी त्याला बाहेर पाठवलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"तुझी मला कीव येते," मी म्हटलं. "एवढं घबाड मारलं त्यांनी. दोन बायकांचं सगळं लग्नाचं सोनं. तुझा तिकडचा माणूस आता आयुष्यभर बसून खाईल. आणि तुला काय मिळालं? तुला फसवलं रे त्याने."

"कसलं घबाड साहेब! अर्धा माल तर डुप्लिकेट..."

तो तिथेच थांबला.

त्या पिशवीतले अर्धे दागिने नकली आहेत हे मुंबईत दोघांनाच माहीत होतं. एक मुलुंडच्या बाई आणि दुसरा मी. तिसरा माणूस माझ्या समोर बसला होता.

पोलिसांपुढे बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे त्यालाही ठाऊक असावं. पण एकदा तोल गेला की माणूस फार वेळ सावरू शकत नाही. त्याने मग दुसरा फोन घरी लपवल्याचं सांगितलं. पंचांसमक्ष तो जप्त केला. त्यात परदेशातल्या साथीदाराचा आवाजी संदेश होता, शिव्यांनी भरलेला. दोन पाटल्या सोडल्या तर बाकी सगळा माल नकली निघाला, म्हणून तुझा वाटा कमी, असा त्याचा मथितार्थ. गाडीचा फोटोही त्याच फोनवरून साथीदाराला गेला होता.

आता एक अवघड काम उरलं. त्या संदेशाला वजन होतं ते बाईंच्या जबाबामुळे. फोन सापडायच्या आधीच त्यांनी दागिने नकली असल्याचं नोंदवलं होतं. म्हणजे त्यांचा जबाब कोर्टात उघड वाचला जाणार, विहिणीसमोर, मुलीसमोर. मी त्यांना बोलावून हे सांगितलं. नको म्हणाल्या असत्या तर मला नवल वाटलं नसतं.

त्या थोडा वेळ पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई बाहेर बसल्यात. त्यांना आत बोलवा. कोर्टात कळण्याआधी माझ्या तोंडून कळू दे."

माझ्या केबिनमध्ये, माझ्यासमोर त्यांनी काकूंना सांगितलं. काही सावरलं नाही, कारणंही पुढे केली नाहीत. काकू ऐकत राहिल्या.

"गो बाये," शेवटी त्या म्हणाल्या, "माका आधी सांगूचा नाय? मी पण खोटेच घेतले असते. माझ्या आवशीच्या पाटल्या रवल्या असत्या घरात."

बाईंचे डोळे भरून आले. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, हिका पाणी द्या आधी."

पाटल्या मिळाल्या नाहीत. तिकडच्या पोलिसांना रीतसर माहिती कळवली, पण सोनं वितळायला वेळ लागत नाही. मदतनीसावर आरोपपत्र दाखल झालं. जावई घरी परतला. खटला उभा राहिला तोवर मी निवृत्त झालो होतो, साक्षीपुरता गेलो.

बाईंची उलटतपासणी मी मागच्या बाकावरून ऐकली. आरोपीच्या वकिलाने आवाज चढवून विचारलं, "म्हणजे तुम्ही स्वतःच्या विहिणीला खोटे दागिने खरे म्हणून दाखवलेत. अशा व्यक्तीवर कोर्टाने विश्वास का ठेवायचा?"

बाई म्हणाल्या, "विहिणीपासून लपवलं ते माझ्या मोठेपणासाठी. पोलिसांपासून लपवलं असतं, तर माझा जावई चोर ठरला असता."

न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आरोपीला शिक्षा झाली.

हल्ली मीही मुलीबरोबर बाहेरदेशी फिरतो. गाडी तीच चालवते. अनोळखी माणसाने चाकाकडे बोट दाखवलं तर आम्ही कडेला थांबत नाही; हळूहळू पुढच्या पंपापर्यंत जातो, टायर गेला तर गेला. डिकी रस्त्यात उघडत नाही, आणि पासपोर्ट अंगावरच असतात. एवढी काळजी कुणालाही घेता येते.

चोरांच्या युक्त्या शिकायला मला उभी नोकरी पुरली. पण तपास अडतो तो बहुतेक वेळा चोराच्या हुशारीमुळे नव्हे, हे मला ह्या प्रकरणाने शिकवलं. तो अडतो आपल्या माणसांनी लाजेपोटी गिळलेल्या एखाद्या वाक्यापाशी. कांदिवलीच्या गृहस्थाने ते वाक्य वेळेवर बोललं असतं, तर काकूंच्या पाटल्या आज त्यांच्या हातात असत्या. ज्या बाईने आपलं वाक्य न विचारता सांगितलं, तिला मी तोवर पोलीस ह्या नात्यानेच ओळखत होतो. निकालानंतर कोर्टाच्या दारात ती भेटली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा एका फिर्यादीला सॅल्यूट केला.