बॅगपाइपचं लोणचं

मी बॅगपाइपचं लोणचं घातलं तेव्हा अगदी तरुण होते. बासष्ट वर्षांची. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं. आता सत्तरीत मला एवढंच कळतं, की त्या बासष्टीतल्या पोरीच्या हातून मोहरीचा डबा कुणीतरी वेळेवर काढून घ्यायला हवा होता.

बॅगपाइप आमच्या घरी आला तो मालकांबरोबर. पलटणीत ते हेच वाजवायचे. पेन्शनीवर आले आणि वारंगा फाट्याला एसटीतून उतरले, तेव्हा एका हातात ट्रंक होती आणि काखेत हे जनावर. जनावरच म्हणायचं. कातड्याची पिशवी, तिला फुंकायला एक नळी, खाली बोटं नाचवायला एक बासरी, आणि खांद्यावर तीन भोंगे. पिशवीत फुंकून हवा भरायची आणि काखेत दाबून सोडायची. पहिल्यांदा वाजला त्या दिवशी आमच्या म्हशीनं दावं तोडलं. मी शेजारणीला म्हणाले, "सवत आणली असती तर परवडली असती. ती मधून मधून गप तरी बसली असती."

पण मालकांचं ते वेडच. सूर स्कॉटलंडचे. कुणा गोऱ्या साहेबानं एकाला शिकवले, त्यानं पुढच्याला, असे उतरत उतरत आमच्या घरापर्यंत आलेले. "आपण थांबलो तर ह्या मुलखात ते थांबले," असं म्हणायचे. त्यांना जोडीदारही तसाच मिळाला. शेजारचा धनगर, गळ्यात ढोल अडकवणारा. त्याचं ठाम मत होतं की स्कॉटलंडवाले मुळात धनगरच. "तिथं बी मेंढरं, तिथं बी घोंगडं. चौकड्याचं असलं म्हणून काय झालं? पाहुणेच हाईत आपले."

अशी ही दोघांची पलटण. नारळाशिवाय काही घ्यायचं नाही, लग्नात वाजवायचं नाही, आणि सव्वीस जानेवारीला शाळेच्या झेंड्यापुढं स्कॉटलंडच्या डोंगरातली एक चाल काही झालं तरी चुकवायची नाही.

त्या साली मात्र दोन संकटं आली. मालकांना न्यूमोनिया होऊन गेला आणि दम पुरेना. आणि ते दवाखान्यात असताना उंदरांनी पिशवी कुरतडली. घरी आल्यावर ओट्यावर बसून ते म्हणाले, "यंदा झेंड्याला वाजला तर ठेवतो. न्हाई तर पलटणीला परत देऊन टाकतो. घरात मुका ठेवून रोज त्याचं तोंड पाहायची ताकद न्हाई माझ्यात." पत्रसुद्धा लिहून देवाच्या फळीवर ठेवलं.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पंचवीस वर्षं मी याच दिवसाची वाट पाहत होते. पण ते पत्र लिहिताना त्यांनी तीनदा चष्मा पुसला. मग मी काय केलं, तर पत्रावर कुंकवाची डबी ठेवली, डबीवर समई ठेवली, आणि पोस्टमन आला की त्याला चहा पाजून, पत्राचं नाव न काढता वाटेला लावायचा धडाका लावला.

धनगरानं मेंढीचं कमावलेलं कातडं आणलं. मालकांनी चांभारी दोऱ्यानं नवी पिशवी शिवली. आता तिला आतून मध आणि ग्लिसरीन लावायचं, म्हणजे कातडं तडकत नाही आणि हवा धरतं. ग्लिसरीन आणायला आणि छाती दाखवायला ते हिंगोलीला निघाले. जाताना बजावलं, "मी येईस्तोवर हात लावू नको."

असं सांगितल्यावर बाईनं काय करावं?

मी विचार केला, मामला काय आहे? आत हवा कोंडायची, कातडं सडू द्यायचं नाही, कीड लागू द्यायची नाही. मग कैरीचं काय वेगळं असतं? जिचं लोणचं वसमतच्या बहिणीकडं दोन-दोन साल टिकतं, तिला हे ग्लिसरीन शिकवणार! करडीचं तेल तापवून निववलं. त्यात घरची हळद, मोहरीची पूड, मेथी आणि हिंग कालवलं. सगळं पिशवीत ओतलं, तोंड दाबून धरलं आणि लेकराला न्हाऊ घालावं तशी पिशवी चोळचोळ चोळली. तिखट तेवढं टाकलं नाही. साऱ्या तरुणपणात मी दाखवलेली अक्कल ती एवढीच.

मालक परतले आणि दारातच नाक वर केलं.

"काय केलंस?"

"टिकाऊ केलं."

पिशवी उलटी करून निथळली, तरी घड्यांमध्ये बसलेला मसाला तसाच राहिला. दुसरी पिशवी शिवायला वेळ नव्हता. झेंडा उद्यावर आला होता. त्यांनी भोंगे बसवले आणि फुंकलं. पहिल्या फुंकीला शिंक. दुसरीला डोळ्यांतून पाणी. तिसरी अर्ध्यातच राहिली आणि ते ओट्यावर टेकले.

"तुझ्या मोहरीनं घात केला," म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी चूक एका दमात कबूल केली. कारण मोहरीनं शिंक येते, छाती अशी भात्यासारखी होत नाही, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

धनगर ढोलावर हनुवटी टेकून बसला होता. तो म्हणाला, "फौजी, बोटं तुमची पाहिजेत. हवा कुणाची बी चालते."

"म्हंजे?"

"वैनीनं चाळीस साल फुंकणीनं चूल फुंकली. ऐन पावसाळ्यात कापसाच्या वल्ल्या पळाट्या पेटवणारी बाई हाय ती."

"मी काहून ते मेंढरू तोंडाला लावू?" मी उसळले.

"लोणचं तुमीच घातलं ना वैनी? मग चव बी तुमीच घ्या."

आता अडचण निराळीच. साऱ्या गावापुढं नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून एका वाद्याला तोंड घालायचं? बासष्टाव्या वर्षी मला लाज आली! लाजायला मी काय नवी नवरी होते? पण लाजले. शेवटी हळदीच्या वावरातली ठिबकची नळी चार हात कापली आणि फुंकायच्या नळीला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बसवली. मालक पुढं, मी मागं, डोक्यावर पदर, पदराआड नळी. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारी हुक्का ओढून राहिली.

सकाळी झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं. मालकांनी मान हलवली आणि मी ओल्या पळाट्या आठवून फुंकलं.

भोंग्यांतून सूर निघायच्या आधी पिवळाधमक मसाला उडाला. थोडा माझ्यावर पडला, बाकी सगळा मुख्याध्यापिका मॅडमच्या पांढऱ्या साडीवर.

"मॅडमला हळद लागली!" पोरं ओरडली.

"सावधान!" मॅडम म्हणाल्या, आणि स्वतःच शिंकल्या. मैदानभर लोणच्याचा घमघमाट सुटला. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी भाकर मागितली.

आणि मग ती चाल आली. घोगरी, कुठं लंगडणारी, पण आली. मला मालकांची पाठ तेवढी दिसत होती. दवाखान्यातून आल्यापासून वाकलेली ती पाठ हळूहळू सरळ झाली. चाल संपत आल्यावर त्यांनी हात मागं करून नळीला दोन हिसके दिले. थांब म्हणत होते की शाब्बास, मला कळेना, म्हणून मी आणखी जोरात फुंकलं.

"वैनी, बस करा!" धनगर ओरडला. "कातडं फुटंल आता!"

घरी आल्यावर मालक फळीकडं पाहत म्हणाले, "पत्र कुठं गेलं?"

"चुलीत," मी म्हणाले. "फुंकायला तोंड तयारच होतं."

त्या गोष्टीला आठ वर्षं झाली. उंदरांनी त्या पिशवीला पुन्हा तोंड लावलेलं नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्यांची बोटं, माझी हवा, असंच चाललं आहे. यंदा झेंड्याच्या सकाळी ते म्हणाले, "चहा फिका झाला." मी कपबशी विसळून ठेवली. शाळेत चाल ऐन रंगात आली तेव्हा मी नळीला मधोमध एक घडी घातली. सूर रेकला आणि बसला. सारं गाव बघत होतं. मालक मागं वळले.

"चहा कसा होता?" मी हळूच विचारलं.

"गोड होता," ते म्हणाले.

मग मी घडी सोडली.