आईशी मुलगी

लग्नाच्या पंगतीत एका वयस्क आत्याबाईंनी माझ्या लेकीची हनुवटी धरून विचारलं, "कोणाची गं तू?"

"मी आईशी मुलगी आहे."

"अगं, हिला जरा मराठी शिकव!" आत्याबाई मला म्हणाल्या.

मराठी तिला चांगली येते. पण सुट्टीत तिने वहीत स्वतःची एक भाषा रचली आहे आणि त्या भाषेत चा-ची-चे फक्त वस्तूंना लागतात. डब्याचं झाकण चालतं, माणसाला मात्र 'शी' लावायचा. कारण माणूस कोणाचा नसतो, कोणाशी तरी असतो म्हणे. मी शाळेत विभक्तीचा तक्ता घोकून पैकीच्या पैकी मार्क मिळवले आणि पुढे जन्मभर मुकाट्याने षष्ठीत नांदले. आधी मास्तरांची धाकटी, मग बापूंची सून. हा प्रत्यय कुठे सोडवता येतो, ते काही तक्त्यात नव्हतं.

लेकीला दटावेन म्हणून सगळी पंगत माझ्याकडे बघत होती.

"तिचं बरोबर आहे, आत्याबाई," मी म्हटलं.

"असं? आणि तू गं? बापूंची सून ना?"

"बापूंशी सून. तेही आमचं पटेल त्या दिवशी. भात वाढू?"