सुदामची कॉट

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लेखक नाही, म्हणून लिहिताना संकोच वाटतो. काल एसटी स्टँडवर एका बाईंनी खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि मला होस्टेल आठवलं. आईच्या आजारपणामुळे गावी निघताना रूममेट सुदाम म्हणाला होता, "कॉट धरून ठेव रे. कॉट गेली की माझं कॉलेज सुटलंच समज." मी तिच्यावर रोज माझी चादर अंथरायचो. रेक्टर म्हणायचे, "ही कॉट माणसाची की चादरीची?"

"येतोय सर तो."

रुमाल एवढासाच असतो, पण टाकणाऱ्याला वाटत असतं, आपलं माणूस चढणार. सुदाम आला नाही. पुढे कधीतरी त्याचा चुलतभाऊ भेटला. म्हणाला, "सुदाम? तालुक्याच्या कॉलेजात आहे की! सकाळी आईसाठी भाकरी करतो नि मग सायकल हाणत जातो."