नाक्यावर उभं राहायचं

ट्रायलच्या दिवशी केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. स्टिअरिंगवर तो, सात वर्षं तुरुंगात काढून आलेला, आता चंदनसारला बहिणीकडे राहणारा. मधे मी, मांडीवर कागदपत्रांची फाइल. पलीकडच्या खिडकीशी ट्रकमालक शेठचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, त्याला सगळे उस्ताद म्हणतात.

सुटून आलेल्यांना ट्रकवर काम मिळवून द्यायचं मी करते. लायसन्स, मेडिकल, सराव, मग मालकांच्या विनवण्या. याला बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. हा शेठ म्हणाला, उस्ताद हो म्हणाला तर ठेवतो, नाहीतर पुन्हा विचारू नका.

जूचंद्रच्या गोदामातून माल घेऊन मनोरला जायचं होतं. गाडी तो झकास चालवत होता. उस्ताद मात्र गप्प होता.

हायवेवर नाकाबंदी लागली. हवालदारानं हात केला, कागद घेऊन खाली यायला सांगितलं. तो उतरला आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. मान खाली, हात गुडघ्यांवर.

तुरुंगात कैद्यांच्या मोजणीला असंच बसवतात. वळण, रिव्हर्स, चढ, सगळ्याचा सराव मी करून घेतला होता. हे डोक्यातच आलं नव्हतं. हवालदारानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ट्रककडे, आणि ताडपत्री सोडायला लावली. फाइल घेऊन मी उतरले. कागद आणि माल बरोबर निघाले म्हणून सुटलो.

निघाल्यावर उस्ताद पहिल्यांदा बोलला. "असा बसलास तर दर नाक्यावर ताडपत्री सोडावी लागेल. शेठला काय सांगू मी?"

"कळलंच नाही, उस्ताद. पाय आपोआप वाकले."

मनोरला माल उतरवल्यावर ढाब्याच्या आवारात मी हवालदार झाले. त्याला केबिनमधून उतरायला सांगायचं आणि कागद मागायचे. उस्ताद चहा पीत बघत होता. शेवटी ग्लास ठेवून उठला.

"ताई, असा गोड हवालदार कुठे भेटतो?" म्हणाला, आणि अंगावर धावून जात त्याच्यावर ओरडला. तो पुन्हा खाली बसला. उस्तादनं दंडाला धरून त्याला उभं केलं आणि त्याचा हात दाराजवळच्या चढायच्या दांडीवर ठेवला. "ही सोडायची नाही. बाकी काय व्हायचं ते होऊ दे."

परतताना पुन्हा नाकाबंदी. पुन्हा हात. तो उतरला. मला उघड्या दारातून त्याचं डोकं आणि दांडीवरची बोटं दिसत होती. हवालदारानं आवाज चढवला. डोकं खाली गेलं, दिसेनासं झालं. बोटं पांढरी पडली. मी पुढे सरकले. उस्तादही पुढे वाकला होता.

मग डोकं हळूहळू वर आलं. "मनोरहून आलो, साहेब. गाडी रिकामी आहे."

चढून बसला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. गोदामाच्या फाटकाशी उतरताना उस्ताद म्हणाला, "उद्या सकाळी ये. शेठला मी सांगतो. आणि ताईंना आणू नकोस, त्यांना बघूनच पोलिसांना संशय येईल."

तो हसला. मीही हसले. पण पुढच्या नाक्यावर मी नसणार होते, आणि फाइल मी अजून छातीशी धरून होते.